वरून ओतलेलं पाणी

सावरगड्डी, ता. बिलोली
४ मार्च २०२४

चि. सुकन्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन करणार होते, पण इथं रेंज फक्त पारावर लागते आणि पारावर बसून बोललं की गावभर होतं. म्हणून चिठ्ठी. लातूरच्या गाडीवरच्या संगमेश कंडक्टरकडे दिली आहे. सोबतच्या पिशवीत दोन बाटल्या आहेत. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आमच्या अंगणवाडीतल्या रांजणाचं. तू पाण्याच्या प्रयोगशाळेत आहेस, तर आत्याचं एवढं काम कर.

जानेवारीत आमची अंगणवाडी नव्या खोलीत आली. जुन्या आडाची जागा तुला आठवत असेल. तो आड बुजवून कित्येक वर्षं झाली, आता वर फरशी आहे, पंखासुद्धा आहे. पण पोरं पाणी पीत नाहीत. दुकानातल्या रंगीत गोड पाण्याच्या पुड्या दातानं फाडून चोखतात आणि साधं पाणी पुढं केलं की तोंड फिरवतात. जी पितात त्यांना जुलाब. आमची मदतनीस नीलाबाई म्हणते, "बाई, ह्यांच्या हिरव्या-निळ्या जिभा बघितल्या की सरड्याची शाळा वाटती."

मला जास्त काळजी आहे ती महामायेची. चांगुणाबाईची पणती, चार वर्षांची. बाप प्रीतम धर्माबादला मिरचीच्या बाजारात हमाली करतो, आई रोजानं जाते. सकाळी म्हातारी आणून सोडते आणि दुपारी न्यायला येते. तेवढ्या वेळात ही पोरगी कधी अर्धा घोट घेते, कधी तोही नाही. लघवीला गेली की रडते. आत्ताच ऊन असं, एप्रिलात काय होईल? तिला पाणी प्यायला कसं लावू ते सांग.

तुझी
तारामती आत्या

*

लातूर
७ मार्च २०२४

ती. आत्यास नमस्कार.

बाटल्या मिळाल्या. त्या तेलाच्या बाटल्या धुऊन वापरलेल्या होत्या, त्यामुळे निकाल अधिकृत धरू नकोस. तरी फरक स्पष्ट आहे. नळाचे पाणी चांगले आहे. रांजणाच्या पाण्याची परीक्षानळी रात्रभरात काळी पडली, म्हणजे त्यात विष्ठेतले जंतू आहेत. नळ स्वच्छ आणि रांजण अस्वच्छ, म्हणजे घाण हातांनी आत जाते. मुले ग्लास बुडवतात, बोटे बुडवतात.

उपाय सोपा आहे. रांजणाला मुलांचा स्पर्श होऊ देऊ नकोस. पाणी देणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो तू. मुलांना रांजणापासून चार हात लांब, भिंतीकडे उकिडवे बसव. हात साबणाने धुवून ओंजळ करायला सांग आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून पाणी ओत. ओगराळे ओंजळीला टेकता कामा नये. कोपरे वर धरायची, म्हणजे ओघळ मागे येणार नाही. सांडलेले पाणी कोणी ओलांडू नये.

बाकीचे सवयीचे आहे. जबरदस्ती करू नकोस, बक्षीस म्हणून गोड काही देऊ नकोस. खेळून झाल्यावर आणि खाण्याआधी, रोज त्याच वेळी पाणी दे. तू स्वतः त्यांच्यासमोर पी. मुले सांगितलेले करत नाहीत, पाहिलेले करतात. पुड्या आणायच्या नाहीत हे आयांना बोलावून सांग. महामायेच्या लघवीचा रंग बघत जा. गर्द पिवळा असेल तर पाणी कमी पडते आहे.

निर्जंतुक बाटल्या पाठवत आहे. यापुढे नमुने त्यातच.

सुकन्या

*

सावरगड्डी
१९ मार्च २०२४

चि. सुकन्यास आशीर्वाद.

तुझा उपाय लागू पडला. जुलाब थांबले. पुड्या बंद केल्या म्हणून दुकानदार माझ्याशी बोलत नाही, ते बरंच झालं. पोरं आता स्वतःहून भिंतीला जाऊन बसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, एवढ्याशा लेकरांना ओंजळ धरायला शिकवण्यात महिना जाईल. शिकवावं लागलंच नाही. सांगायच्या आधी कोपरं वर झाली. तोंड खाली, नजर माझ्या पायांवर. वाकडीतिकडी बसणारी पोरं एका ओळीत, गप्प.

तुझं पत्र वाचताना मला मध्येच आई आठवली. तू तिला पाहिलेलं नाहीस. तीच बोलतेय असं वाटलं. असो.

एक सांगायचं आहे. महामाया ओंजळ धरते, मी पाणी ओतते, पण ती पीत नाही. बोटांतून पाणी गळून जाईपर्यंत तशीच बसते आणि डावीकडं कोपऱ्यात बघते. काल मी विचारलं, "का गं, पी की." तर म्हणाली, "आजीला न्हाई मिळालं अजून." मी म्हटलं, "तुझी आजी घरी पिईल ना." ती म्हणाली, "ही दुसरी आजी हाय."

त्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. पण फरशी ओली असते. आणि सगळी नाही. मध्ये दोन कोरडे डाग राहतात, टाचांएवढे. त्यांच्या दोन बाजूंना पाणी ठिबकल्यासारखं. कोपरातून ठिबकावं तसं. नीलाबाईनं तिथं झाडायचं बंद केलंय. म्हणते पाठ दुखते.

तू हसशील म्हणून लिहू नये असं वाटलं होतं.

तुझी आत्या

*

लातूर
२२ मार्च २०२४

ती. आत्यास नमस्कार.

मी हसले नाही. जागा बुजवलेल्या आडाची आहे. भराव खचतो, फरशीचे सांधे उघडतात, ओल वर येते. जिथे सिमेंट घट्ट बसले आहे तिथे कोरडे डाग राहतात. त्यांना टाचांचा आकार तू दिलास.

मुलांचे म्हणशील, तर या वयात कल्पनेतले सोबती असतात. एक मूल थांबले की बाकीची थांबतात. महामायेला बोलून दाखवू नकोस, तिच्या पाण्याकडे लक्ष जाते आहे हे तिला कळू देऊ नकोस.

कोपऱ्यातली ओल स्वच्छ कापसाने टिपून बाटलीत पिळून पाठव. संगमेशला सांग, बाटली उन्हात ठेवू नये.

तुझ्या आईसारखे मी काय लिहिले ते कळव.

सुकन्या

*

सावरगड्डी
५ एप्रिल २०२४

चि. सुकन्यास आशीर्वाद.

ओल पाठवली ती मिळाली असेल. नंतर लिहायला उशीर झाला, कारण महामायेला बिलोलीला न्यावं लागलं. वर्गात बसल्या बसल्या कलंडली. ओठ फुटलेले, डोळे आत. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं. मला विचारलं, "तुमच्याकडं पाणी देत नाहीत का लेकरांना?"

काय सांगणार होते मी? आठ दिवस झाले, एकही पोर माझ्या हातचं पाणी आधी पीत नव्हतं. सगळ्यांच्या ओंजळी भरलेल्या आणि सगळ्यांची तोंडं डाव्या कोपऱ्याकडं. शेवटी मी तिथं जाऊन रिकाम्या जागेवर वरून ओतलं. पाणी पडल्याचा आवाज झाला नाही. मग पोरं प्यायली. रोज तसं करायला लागले. महामाया मात्र तरीही प्यायची नाही.

तिला घरी आणल्यावर चांगुणाबाई अंगणवाडीत आली, पोरीची चप्पल न्यायला. तेव्हा पाण्याची वेळ होती. दारातून तिनं ती ओळ बघितली आणि उंबऱ्यावरच बसली.

"ताराबाई, हे कोन शिकवलं?"

मी म्हटलं, "माझी भाची लातूरला असते. पाण्याचं शास्त्र शिकलेली आहे."

"शिकलेली हाय का," म्हणाली. मग हसली. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

तिनं सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात, पुढच्या उन्हाळ्यात, गावात एवढाच आड जिता होता. त्यांच्या लोकांनी त्याला शिवायचं नाही. आडापासून लांब उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, वरच्या घरातलं कुणीतरी यायचं आणि वरून पाणी वाढायचं. घरांच्या पाळ्या होत्या. चांगुणाबाई तेव्हा नवी नवरी. तिची सासू भीमाबाई सकाळी येऊन बसली. त्या दिवशी ज्या घराची पाळी होती, त्या घरी बारसं होतं. पाहुणे होते. कुणी आलंच नाही. येणारेजाणारे आपापल्या घागरी भरून गेले. पाळी आपली न्हाई म्हणाले. उन्हं कलल्यावर बघितलं तर ती तशीच बसलेली. हलवली तेव्हा आडवी झाली. "सरणावर ठिवली तरी वंजळ सुटली न्हाई," म्हणाली.

"तवापासून आमच्या घरात कोनी वंजळीनं पानी पीत न्हाई. हापशावर न्हाई, नदीवर न्हाई. पोरीला आम्ही काय बी सांगितलं न्हाई, लई ल्हान हाय. पर तिला कळलं. तुमच्या भाचीला न्हाई कळलं."

पोरीला आता पाठवणार नाही म्हणते. आई रोजानं, बाप धर्माबादला आणि म्हातारीला धड दिसत नाही. एकटं लेकरू, पत्र्याच्या घरात, ह्या उन्हात. घरीसुद्धा पाणी पुढं केलं की विचारते, "आजीला मिळालं का?" अशी किती वेळा सलाईन लावायची तिला?

तू काहीतरी सांग.

तुझी आत्या

*

लातूर
८ एप्रिल २०२४

ती. आत्यास नमस्कार.

आधी नमुन्याबद्दल. कोपऱ्यातल्या पाण्यात क्लोरीन अजिबात नाही, म्हणजे ते तू ओतलेले नळाचे पाणी नाही. क्षार खूप आहेत, आडाच्या पाण्यात असतात तसे. पण तुमच्याकडचे बोअर आटले आहेत असे तूच होळीला फोनवर म्हणाली होतीस. मग बुजलेल्या आडातले पाणी फरशीपर्यंत कशाने चढेल, हे मला सांगता येत नाही. मी एवढेच लिहिते.

आता माझ्या पत्राबद्दल. मी त्याचा फोटो काढून ठेवला होता, तो परत वाचला. मग आमच्याकडच्या सगळ्या मार्गदर्शक पुस्तिका काढल्या. लांब दांड्याचे ओगराळे त्यात आहे, हात धुणे आहे, झाकण आहे. प्रत्येक मुलाला स्वतःचा ग्लास द्यावा असे आहे. लांब बसवणे नाही. उकिडवे नाही. ओंजळ नाही. कोपरे वर नाही. सांडलेले पाणी ओलांडू नये, हे तर कुठेच नाही. त्याला शास्त्रीय कारणही नाही. हे मी कुठे वाचले नाही, मला कुणी शिकवले नाही. लिहिताना मात्र मी एकदाही थांबले नव्हते. अक्षर माझेच आहे.

तू माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाहीस. तुझी आई काय म्हणायची? आणि त्या दिवशी पाळी कोणत्या घराची होती?

औशाच्या कुंभाराकडून रांजण करून घेतला आहे. त्याला खाली तोटी आहे, चार वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचेल अशी. दांडी खाली दाबली की पाणी येते, सोडली की थांबते. सोबत स्टीलचे ग्लास आहेत, प्रत्येकावर वेगळे चित्र चिकटवले आहे. मुलांनी आपापला ग्लास ओळखावा, आपल्या हाताने भरावा, आपल्या हाताने धुवावा. ओगराळे फेकून दे. तू ओतू नकोस. कितीही वाट बघावी लागली तरी ओतू नकोस.

चांगुणाबाईंकडे तू स्वतः जा. महामायेला एक दिवस पाठवा म्हणावे. म्हातारीनेही सोबत यावे.

सुकन्या

*

सावरगड्डी
२० एप्रिल २०२४

चि. सुकन्यास आशीर्वाद.

रांजण सुखरूप पोचला. संगमेशनं तो शेजारच्या सीटवर बसवून आणला. म्हणाला, "बाई, ह्याचं तिकीट फुल काढू का हाफ?"

चांगुणाबाईच्या दारात मी तीनदा गेले. पहिल्यांदा ती आतून बोलली, दुसऱ्यांदा बोललीच नाही. तिसऱ्यांदा मी तिला पाणी मागितलं. तिनं पितळी तांब्या आणून माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्यायले. मग म्हणाली, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी पाण्याची वेळ झाली. रांजण खिडकीखाली ठेवलेला, ग्लास ओळीनं पालथे. मी म्हटलं, "ज्याचं त्यानं घ्या रे." कुणी उठलं नाही. सगळी पोरं भिंतीला उकिडवी, ओंजळी धरून. रिकाम्या ओंजळी. महामाया म्हातारीच्या मांडीवर होती, तीही उतरली आणि जाऊन बसली. हात जोडून पुढं केले. एक तांब्या भरून ओतला असता तर बाकीची तरी प्यायली असती. मी हात मागं बांधून उभी राहिले, तू लिहिलं होतंस म्हणून. पंखा बंद पडला होता. नीलाबाई दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

खूप वेळानं महामाया बोलली. कोपऱ्याकडं न बघता, माझ्याकडं बघून.

"बाई, आजी इचारती. हात लावला तर चालंल का?"

चांगुणाबाईनं पदर तोंडात धरला. ह्याचं उत्तर मीच द्यायचं होतं, दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं. मग म्हटलं, "चालंल म्हणाव. पाणी तिचंच हाय. तिच्या हातानं घे म्हणाव."

मग जे बघितलं ते सांगते. पोरांनी पाय मागं घेतले. एकदम नाही. आधी कोपऱ्याजवळच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं, मग पुढच्यानं, जसं कुणी समोरून हळूहळू चालत गेलं की आपण पाय आवरतो तसं. शेवटचा पाय खिडकीजवळच्या पोरानं घेतला. तोटीची दांडी खाली गेली. पाणी पडलं. फरशीवर थेंब आला नाही. बराच वेळ ते पडत राहिलं. मग दांडी वर आली.

महामाया उठली, हत्तीचं चित्र असलेला ग्लास घेतला, दोन्ही हातांनी दांडी दाबली. गटागटा प्यायली, छातीवर सांडवलं, परत भरला. "लई गार हाय," म्हणाली. मग एकच गलका. ढकलाढकली, माझा ग्लास, माझा ग्लास. इतक्या दिवसांनी पोरं पोरांसारखी वागली.

दुसऱ्या दिवशी कोपरा कोरडा होता. नीलाबाईनं स्वतःहून झाडला. पाठ बरी झाली म्हणते.

तू विचारलंस त्याचं उत्तर. पाणी वाढायला जाताना आई तुझ्या मोठ्या आत्यांना म्हणायची, असं त्यांच्याकडून ऐकलंय: चार हात लांब बसव, कोपर वर धरायला लाव, सांडलेलं ओलांडू नको. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तुझ्या बापाला तर ती आठवतही नाही. तुला हे घरात कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आणि बारशाचं म्हणशील, तर त्या उन्हाळ्यात आपल्या घरात एकच पोर जन्मलं होतं. त्याचं नाव तारामती ठेवलं.

तुझी आत्या

*

लातूर
२४ एप्रिल २०२४

ती. आत्यास नमस्कार.

नवी तोटी कधी कधी वजनाने आपोआप उघडते. स्प्रिंग सैल असली की होते. असे मी लिहू शकले असते. लिहीत नाही.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. एवढे लक्षात ठेव.

महामाया रोज किती पिते यावर नजर ठेवू नकोस. तहान तिला कळते. लघवीचा रंग मात्र कळव. रांजण दर दिवशी रिकामा करून घासायचा, तोटीसकट. ग्लासांवरची चित्रे निघाली तर नवीन पाठवीन.

आज इथे एक घडले, ते तुलाच सांगते. आमच्याकडे झाडायला जगदेवीबाई येतात. दुपारी त्यांनी प्यायला पाणी मागितले. मी उठून टेबलावरचा जग घेतला. आपण काय करतो आहोत हे माझ्या लक्षात आले तेव्हा जग माझ्या खांद्याएवढा वर गेला होता आणि जगदेवीबाई दारापाशी उकिडव्या बसल्या होत्या. ओंजळ धरून, कोपरे वर. आम्ही दोघी एकमेकींना काही बोललो नव्हतो. मध्ये टेबलावर ग्लास पालथे ठेवलेले होते. रोज त्या त्याच ग्लासाने पितात.

मी जग टेबलाच्या कडेला, त्यांच्या बाजूला ठेवला. म्हटले, "तुम्हीच घ्या, बाई."

त्या उठल्या. पण लगेच हात पुढे केला नाही. आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले, परवानगी मागताना पाहतात तसे. मग मान हलवली आणि पाणी घेतले.

माझ्या मागे नुसती भिंत आहे. मी वळून पाहिले नाही.

सुकन्या